नाव घेऊन केलेली प्रार्थना

भिवापूर, ४ मार्च २०२४

ख्रिस्तात प्रिय माया हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझा नंबर मी ब्लॉक करून ठेवला आहे. फोनवर तू रडशील आणि मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

जावई नूपुरवर हात उगारतात, ही गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती. जानेवारीत, तुझ्या घरी, प्रार्थनेला बसलो तेव्हा. नर्सिंगच्या वसतिगृहापासून बत्तीस वर्षं आपण एकमेकींची ओझी प्रभूपुढे ठेवत आलो. त्यातलं एकही बाहेर गेलं नाही. आणि शुक्रवारी महिला मंडळाच्या सभेत तू उठून उभी राहिलीस, माझ्या लेकीचं नाव घेतलंस आणि पियुष तिला मारतो असं सांगून प्रार्थनेची विनंती केलीस! तेही अध्यक्ष म्हणून माझ्या विहीणबाई समोर बसलेल्या असताना! याला प्रार्थना म्हणायचं की चावडी?

शनिवारी विहीणबाईंचा फोन आला. आमच्या घराची अब्रू तुमच्या मैत्रिणीने चर्चच्या दारात टांगली, असं म्हणाल्या. नूपुर तुझ्याकडे आहे हेही मला त्यांच्याकडूनच कळावं? तिचा फोन पियुषकडे आहे. येत्या रविवारपर्यंत ती परत आली तर झालं गेलं विसरू, असं त्या म्हणतात. तेव्हा तिला समजाव आणि रविवारच्या आत घरी पोचव. संसार तिचा आहे, तुझा नाही. तुला मूल नाही, म्हणून... हे वाक्य पुरं करत नाही. पण मनात काय आलं ते तुला कळू दे.

लोभ असावा असं या खेपेला लिहिवत नाही.

प्रेमिला


नागपूर, ७ मार्च २०२४

प्रिय प्रेमिला हिस,
प्रभूच्या नावात सलाम.

वाक्य पुरं केलं असतं तरी चाललं असतं वं. लोकांच्या तोंडून ते ऐकून ऐकून मी निब्बर झाली. तुझ्या हातचं मात्र पहिल्यांदा वाचलं.

आता माझं आयक. नूपुरचं नाव माझ्या तोंडून चुकून नाही निघालं. समजून-उमजून घेतलं, अन् तिले इचारून घेतलं. सभेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ती माझ्या दारात आली, एका कानावर ओढणी दाबून. मी बोलून राहिली, तर तिले त्या बाजूनं ऐकूच येत नव्हतं. आधी बस स्टँडवर गेली होती म्हणे. भिवापूरची गाडी लागलेली होती. तरी चढली नाही. काहून, तर आई परत पाठवन.

तुझ्या दवाखान्यात दुसऱ्याची पोरगी अशी आली तर तू तिले बसवून घेतेस, डॉक्टरले सांगून पोलिसात कळवतेस. आपल्या पोरीले मात्र सांगत राहिली, सहन कर, प्रभू त्याचं मन बदलवन. अन् मी तरी काय केलं? दोन महिने तुझ्यासंग आमेन म्हणत राहिली. दोनदा ती रडत माझ्याकडे आली, अन् दोन्ही वेळा चहा पाजून मीच तिले सासरी सोडून आली. तुझा राग येते, पण माझा मले त्याच्याहून जास्त येते.

सभेत तेवीस बाया होत्या. सगळ्याईनं मान खाली घातली. तुझ्या विहीणबाईनं पुढच्या गीताचा नंबर सांगतला अन् बाया गायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले, म्हणाले की हा घरातला मामला आहे, मायाबाई, शांतीनं घ्या. मी नूपुरले बोलावलं, अन् त्यायले म्हटलं, तिच्या त्या कानाच्या बाजूनं बसा अन् शांतीनं बोलून दाखवा. ते चहा न पिताच गेले.

एक चूक माझी झाली, कबूल. सभेत उभं राहाच्या आधी तुले सांगाले पाहिजे होतं. नाही सांगतलं, कारण तू मले थांबवलं असतं, अन् मी थांबली असती.

पोरगी मी पाठवत नाही. या रविवारी नाही, पुढच्याही नाही. मैत्री तोडायची असन तर तोड.

तू लिहिलं नाही तरी मी लिहिते, लोभ असू दे.

तुझी माया


भिवापूर, १८ मार्च २०२४

प्रिय माया हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. पाच दिवस तुझ्या घरी राहून जे बोलले नाही, ते लिहून टाकते.

तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी विहीणबाईंचा फोन आला. रविवार उलटला, सून कुठे आहे, असं विचारत होत्या. मी एवढंच विचारलं की कान कोणता. त्या लगेच म्हणाल्या, डावा, पण तिला आधीपासूनच कमी ऐकू यायचं. माया, मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं त्या पोरीला अंगणात ऐकू जायचं! मी फोन ठेवला आणि रजेचा अर्ज लिहिला.

नूपुरच्या कानाचा पडदा फाटल्याचा डॉक्टरांचा कागद आपण पोलीस ठाण्यात दिला, तेव्हा तिथल्या मॅडमनी तू नात्याने कोण ते विचारलं. तुझ्या आधी मीच बहीण म्हणून सांगितलं. त्यावरून राग गेला असं समजू नकोस. मी थांबवलं असतं हे खरं. मग तू माझ्याशी भांडायचं होतंस. मी प्रार्थनेत चुकीचं मागत होते, आणि तू आमेन म्हणत होतीस. बत्तीस वर्षांत एकदाही भांडली नाहीस, माझा खरा राग हा आहे.

मूल नसण्यावरून जे अर्धं लिहिलं, त्याची क्षमा माग म्हणून तू म्हणाली नाहीस. मी मागते.

कालच्या उपासनेत आपल्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. सहा जणींच्या बाकावर आपण तिघी ऐसपैस बसलो, आणि तू मुद्दाम मोठ्याने गायलीस. सूर नेहमीसारखाच बाहेर होता. पण मी तुझ्याहून मोठ्याने गायले.

मी निघाले तेव्हा तू रिक्षा बघायला गेली होतीस. नूपुरने मला विचारलं, मी भिवापूरच्या गाडीत का चढले नाही हे मावशीने तुला पत्रात लिहिलं होतं का. मी हो म्हणाले. ती माझी पिशवी सारखी करत राहिली. मग म्हणाली, बरं झालं, मला तोंडाने सांगावं लागलं नाही.

तिला काय उत्तर द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत तिला तुझ्याकडे राहू दे.

राग आहे तसा लोभही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
प्रेमिला