अर्ध्या दिवसात चिनी माणूस

मयूर विहार, दिल्ली
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय नीरज,

इतक्या वर्षांनी फोन केलास आणि मागितलंस काय, तर गुडगावच्या तुझ्या मॅनेजर लोकांना अर्ध्या दिवसात चिनी माणूस समजावून दे! धन्य आहेस बाबा. वर उत्तरही स्वतःच देऊन मोकळा झालास: चिनी लोक धूर्त असतात, मनातलं कळू देत नाहीत, तोंडावर कधी नाही म्हणत नाहीत. बस, एवढंच जरा सजवून सांग, यार, म्हणे. मग माझी गरज काय? चिनी भाषेचं एम.ए. आपण दोघांनी बरोबर केलं. तू एमबीएच्या मागे गेलास, मी त्याच भाषेवर घर चालवते, आणि मजेत चालवते.

अरे, हा खेळ जुना आहे. युरोपातले पाद्री तिकडे गेले, तेव्हा परीक्षा देऊन अधिकारी होणारे विद्वान बघून थक्क झाले. शहाणपण शिकावं तर यांच्याकडून, असं त्यांनी घरी लिहिलं. पुढे व्यापाऱ्यांना तिथे अफू विकायची होती. चिन्यांनी ती अडवली, आणि तीच माणसं आळशी, लबाड ठरली! आपल्याकडे तरी काय वेगळं? माझे बाबा आधी हिंदी-चिनी भाई-भाई म्हणत टाळ्या पिटून आले, आणि बासष्टनंतर त्यांनी लोणच्याला चिनी मातीची बरणीसुद्धा घरात येऊ दिली नाही. ती आपल्याच उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याची असते, हे सांगून सांगून आई थकली. आता आमच्या कोपऱ्यावर ड्रॅगन रंगवलेली गाडी असते, तिथे चाउमीनवर पनीर किसून देतात. पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत तो प्राचीन चिनी प्रवासी शिकवला होता, आठवतंय? मराठी माणूस उपकार विसरत नाही आणि अपमान गिळत नाही, असं तो लिहून गेला म्हणून आपण केवढे फुगलो होतो! पण तो निदान पायी हिंडून लिहीत होता. तू एसी केबिनमध्ये बसून ठरवतोस.

ज्यांच्यासाठी तुझा हा खटाटोप, त्या चिनी पाहुण्यांबरोबर काल मी जेवले. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी मला हळूच विचारलं, की हिंदुस्थानी लोक धूर्त असतात, मान डोलावतात पण मनातलं कळू देत नाहीत, तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे खरं का? मला असा ठसका लागला की डाळ साडीवर सांडली. त्यांना म्हटलं, आधी समोरासमोर बसा, मग ठरवा.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. तुझं काम मी घेत नाही, कारण सोमवारी तुमच्या बैठकीत त्यांची दुभाषी म्हणून मीच तुझ्यासमोर बसणार आहे. तुझ्या फोनच्या आधीच त्यांना हो म्हटलं होतं. ऐनवेळी दचकू नकोस. आणि एक ऐक. लग्नाचं विचारलं की तू दोन वर्षं 'बघू' म्हणत राहिलास, आणि मी वेडी त्याचा अर्थ 'हो' असा लावत बसले. फार रडले रे तेव्हा. आता भाषांतर पक्कं झालंय माझं. सोमवारी 'बघू' म्हणालास, तर मी त्यांना सरळ 'नाही' असं सांगेन.

तुझीच, पण सोमवारी त्यांची,
देविका