छत झालं की खुर्ची परत

६ जानेवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

छत झालं! हे आधी लिहिते, बाकीचं मग. नाहीतर तू म्हणशील, ही मुंगी पत्रातसुद्धा आधी अंगण झाडत बसते. परवा हॉलच्या छताचा शेवटचा पत्रा बसला आणि आम्ही सगळे भर दुपारी आत उभे राहून वर बघत होतो, कुठून उजेड येतो का म्हणून. कुठूनही आला नाही. गवंडीमामा म्हणाले की एवढं मन लावून या हॉलात आपण कधी कुणाचं भाषणही ऐकलं नव्हतं. आता भिंतींना चुना देणं चालू आहे. ज्याला जसा वेळ मिळेल तसा तो येतो आणि हात लावून जातो. माझ्याकडे खुर्च्यांचं काम आलंय.

छत गळायला लागलं तेव्हा खुर्च्या भिजून कुजू नयेत म्हणून काकांनीच त्या घराघरांत वाटल्या होत्या. नियमही त्यांचाच: छत झालं की खुर्ची परत. म्हणून मी सध्या दारोदार फिरते. शिंपीणकाकूंच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर होता. पोस्टमास्तर म्हणाले की खुर्ची खुशाल न्या, पण माझी पाठ आता तिलाच चिकटलीय, तीही न्यावी लागेल. सुईणबाई मात्र लगेच उठल्या, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि जमिनीवर बसल्या. मला कसंसंच झालं. गावात त्यांच्याहून म्हातारं कुणी नाही. पण नियम तो नियम.

आता फक्त तुमच्याकडची राहिली, गाव सोडताना तुम्ही बरोबर नेलेली, रुंद हातांची. सभेत सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मिळायची ती. दोन मार्चला हॉल उघडायचा आहे, तोवर पाठवशील ना? काकांना म्हणावं, तुमचा नियम अजून जिवंत आहे.

तुझी लाडकी (हे माझं मीच ठरवलंय),
मुंगी


१५ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोस्टमास्तरांच्या पाठीपाशी ते इतके हसले की वाचन थांबवून मला पाणी आणावं लागलं. अक्षर सुधारलं आहे हो तुझं. शाळेत जायच्या आधी माझ्या मांडीला टेकून गिरवायचीस, आणि एक अक्षर जरा रेषेखाली उतरलं की अख्खी पाटी पुसून टाकायचीस. एवढं पुसू नये गं, म्हणून मी ओरडायची आणि पुन्हा सगळं लिहून द्यायची.

खुर्चीचं बघू. इथून गावाकडे जाणारा ट्रक मिळायला हवा. काकांनाही तिची सवय झाली आहे. एक खुर्ची कमी पडली म्हणून काही हॉल अडून राहत नाही. चुन्याची धूळ छातीत जाते, तोंडाला फडकं बांधत जा. दादाला नमस्कार सांग.

लोभ आहेच, मागायला नको.
आत्या


१५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुंगीच्या हाती लागू नये म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. यांना आता आडवं होता येत नाही. पाठ टेकली की श्वास कोंडतो. रात्रंदिवस त्या खुर्चीतच असतात, तिचे दोन्ही हात घट्ट धरून. डोळा लागतो तोही तसाच. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसते विचारपूस करून जातात.

मुंगीचं पत्र ऐकल्यापासून यांनी हट्ट धरला आहे: नियम माझा आणि मोडणाराही मीच, खुर्ची पाठवून दे. काल मी पाणी भरायला गेले तेवढ्यात उठून पलंगावर जाऊन पडले. ओठ निळे पडले होते. ओढून पुन्हा खुर्चीत बसवलं तर मलाच म्हणतात, जमेल असं वाटलं होतं.

पोरीला यातलं काही सांगू नकोस. जिवाला लावून घेईल. तू ओळखतोसच तिला. नुसतं म्हण की एक खुर्ची राहू दे.

तुझी धाकटी बहीण


३० जानेवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबा म्हणाले की आत्याची खुर्ची राहू दे. मी विचारलं का, तर म्हणे आत्या आहे म्हणून. मग मला बोलावंच लागलं. सुईणबाईंना मी जमिनीवर बसवून आले, आणि माझ्या आत्याला सोडलं तर त्यांच्या दारावरून कुठल्या तोंडाने जाऊ? घरच्याला एक न्याय आणि गावाला एक, असं व्हायला नको. बाबा भरल्या ताटावरून उठून गेले. असं ते कधी करत नाहीत.

माझं काही चुकतंय का? चुकत असेल तर तू सांग, तुझं मी ऐकेन. काकांना दुसरी खुर्ची करून द्यायला सुतारदादा तयार आहे. गादी मी स्वतः शिवेन, मऊ. काकांनाच विचार ना. ते माझ्याच बाजूने बोलतील, मला खात्री आहे.

तुझ्या रागालाही पात्र असलेली,
मुंगी


२२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

बाळा, आधी खाली बस आणि मग पुढे वाच.

तुझे काका गेले. शुक्रवारी सकाळी, खुर्चीतच. मी चहा गाळत होते. हाक मारली, ओ आली नाही. तार मिळताच दादा आला. तो माझ्याजवळ आहे.

त्यांना आडवं होता येत नव्हतं. ती खुर्ची हाच त्यांचा पलंग झाला होता. हे तुला सांगायचं नाही असं मीच दादाला बजावलं होतं, त्याच्यावर रुसू नकोस. तू मागितलीस त्यात तुझी चूक नाही. तुझी दोन्ही पत्रं त्यांनी ऐकली. म्हणायचे, एवढ्या गावात माझा नियम हिला एकटीलाच कळला. माझं झालं की आधी खुर्ची पाठव, रडणं-बिडणं नंतर, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. आज दादाने ती ट्रकवर चढवली. ट्रकवाल्याच्या तोंडून तुला कळायला नको म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही. दोन तारीख पुढे ढकलू नका.

एकच मागते. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांचं वार्निश गेलं आहे. नीट पाहिलंस तर त्यांच्या बोटांच्या जागा दिसतील. तेवढं तसंच राहू दे.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

खुर्ची आली! तुझं पत्र नाही, काही नाही, आणि काल दुपारी ट्रकमधून महाराणीसारखी खुर्ची उतरली. बाबांनीच चढवून दिली असणार. काकांना जरा बरं नाही एवढंच सांगून ते तुझ्याकडे आले. आता काकांना बरं वाटत असेल. त्यांना सांग, मुंगी तुमच्या पाया पडते. पहिल्या रांगेतली फट भरली. सुईणबाई आता हक्काने बसतील.

एक तक्रार मात्र आहे. हातांची टोकं काय करून ठेवलीत गं! वार्निश उडालेलं, लाकूड काळं पडलेलं, वर खळगे. काका सभेची वाट बघत नखं मारत बसायचे की काय? पॉलिशपेपरने घासून घासून माझे खांदे भरून आले. पण सगळं सपाट केलं, वर नवं वार्निश दिलं. आता कुणी ओळखणारही नाही की ही खुर्ची कधी कुणाच्या घरी होती.

आनंदात असलेली तुझी,
मुंगी


४ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र खुर्चीच्या मागून आलं. तोवर माझं पत्र निघून गेलं होतं. पोस्टमास्तरांकडे धावत गेले, पण थैली गेली होती. म्हणजे मी काय केलं ते तुला माझ्याच अक्षरात वाचावं लागलं, तेही हसत लिहिलेलं.

मी तो पॉलिशपेपर शोधला. त्याला लाकडाची भुकटी तरी लागलेली असेल, ती पुडीत बांधून तुला पाठवावी असं डोक्यात आलं. पण काम झालं की जागा झाडून घ्यायची, हे तूच शिकवलंस. मी सगळं झाडून, गोळा करून, जाळून टाकलं होतं.

हॉल ठरल्या दिवशी उघडला. काकांची खुर्ची रिकामी ठेवू, असं गवंडीमामांनी सुचवलं. त्यावर सुईणबाई म्हणाल्या की खुर्च्या फुकट जाऊ नयेत म्हणून त्याने त्या डोक्यावरून वाहिल्या, आणि तुम्ही त्याचीच खुर्ची फुकट घालवताय? मग त्या बसल्या. सभेत काय झालं ते मला सांगता यायचं नाही. मी त्यांचे हात बघत होते. उठताना त्यांनी जोर लावायला दोन्ही टोकं घट्ट धरली. बोटं बरोबर तिथेच आली, आत्या. सगळे गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. वार्निशवर साधा डागही नव्हता. काम मी चांगलं केलं होतं.

एवढं पुसू नये, म्हणायचीस. पण मग पाटी घेऊन तूच पुन्हा लिहून द्यायचीस.

लोभ असू दे असं लिहायला हात होत नाही, आणि न लिहिता पत्र मिटवतही नाही.

मुंगी