सईचा हात सुटला

रविवार, संध्याकाळ

जिंतूरकडच्या धबधब्यावर आज दोघी लेकींना घेऊन गेले होते. थोरली काठावर होती, धाकटी सई माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. तेवढ्यात काठावरून शेळ्या राखणारी बाई ओरडली, "लेकराला काढा वो! पाणी गढूळ व्हायलंय, वरून लोंढा यायलाय!"

मी दचकून वळले आणि सईचा हात सुटला. निसटला, की मीच सोडला? त्या बाईनंच पाण्यात उडी घेऊन तिला ओढलं. आम्ही आधी बसलो होतो तो काठाचा दगड लगेच बुडाला.

घरी आल्यावर सई ह्यांना म्हणाली, "बाबा, आईनं मला वाचवलं." पाण्यात तिनं डोळे मिटले होते. आणि मी गप्प राहिले.