भूछत्र खडकाचं मावंदं

सोमवार, दिवे लागल्यावर

डोकं अजून तापलंय. मंद्रूपहून धाकटे दीर आले आणि टीव्हीशेजारची वाळूची बाटली हलवून म्हणाले, "वहिनी, वाळू आणायला राजस्थान? आपल्या सीना नदीत कमी हाय व्हय? दादा गेल्यावर काशी करायची सोडून दगड बघत फिरलात की!"

दगड! वैरागच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर भूछत्र खडक काढला मी. वर टोपी, खाली बारीक देठ. वारा वाळू घेऊन येतो आणि खडक खालून झिजवतो, हे घसा फोडून शिकवलं. पाहिला मात्र आत्ता, रिटायर झाल्यावर. आणि देठ मधोमध नाहीच! वाऱ्याच्या बाजूनं निम्मा खाल्लेला, तरी वरचा सगळा भार घेऊन उभा. मी नकळत चपला काढल्या. देवळात तरी कधी एवढं भरून आलंय मला?

मग ही यात्रा नाही तर काय?

भाऊजींना तिथंच सांगितलं, "काशीहून आल्यावर मावंदं घालतात ना? मीही घालणार. रविवारी या, पुरणपोळी आहे."

"आणि गंगेच्या जागी पुजणार काय?"

"वाळू."

चहा तसाच टाकून गेले. जाऊ देत. येतील, पुरण सोडवणार नाही त्यांना.

दारात रांगोळीही त्या खडकाचीच काढणार. देठ वाकडा, पाहिला तसा. पानावर बसण्याआधी प्रत्येकाला विचारणार, हा असा का झिजला? उत्तर आल्याशिवाय पोळी वाढणार नाही. भाऊजींना तर नाहीच.