जपानी मांजराचा पंजा

कुवेत, बुधवार, जानेवारी १९६३

मूळच्या रत्नागिरीच्या कासमभाईंच्या इथल्या दुकानात आज चिनीमातीचं जपानी मांजर आलंय, एक पंजा वर केलेलं. एक मडम म्हणाली, ते निरोप देतंय. कासमभाई मला म्हणाले, "निरोप कसला, भाऊ! बोलावतंय ते. जपानी इंजिनिअर सांगत होता, अशाच मांजराने झाडाखालच्या सरदाराला बोलावलं. तो तिथून हलला आणि झाडावर वीज पडली."

खरंच, तळहात खाली करून बोलावणं आपलंच; गोरे लोक तळहात वर करून बोलावतात. तिन्हीसांजेला आई अंगणाच्या टोकाशी उभी राहून अशीच बोलवायची. तोच पंजा.

"आई आहे ना अजून?" कासमभाईंनी सहज विचारलं.

आहे. थकलीय. उद्या आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायची होती. पण तो पंजा डोळ्यांपुढून हलत नाही. सही राहू दे. आधी बोटीचं तिकीट.