कोपऱ्यातला काळा तीळ

२२ ऑगस्ट
पावसाने उघडीप दिली एकदाची. इंद्रलोकच्या घरून डोंगरीला पोचेपर्यंत बसने कंबर मोडली. तीळ फुलावर आलाय. काल बियाणे कंपनीतले साहेब फोनवर म्हणाले, यंदा जास्त उत्पन्नाचा वाण हाती लागला नाही तर डोंगरीचं शेत सोडायचं आणि मी ऑफिसात येऊन बिलं तपासायची. त्यापेक्षा मेलेलं बरं. संकरासाठी आई ठरलीय, माझी पांढऱ्या तिळाची ओळ. तेल उत्तम, बोंडं कमी. बाप हवा बोंडांनी लगडलेला. गुजरातचा आणलाय तो बरा आहे, इतकंच.

२५ ऑगस्ट
शेताच्या कोपऱ्यात, जिथे पेरलंच नाही, तिथे एक झाड! आमच्याआधी उगवलेलं. खालचं पिकलेलं बोंड फोडलं, दाणे काळे. प्रत्येक पानाच्या बगलेत तीन-तीन बोंडं, पार शेंड्यापर्यंत. नाचावंसं वाटलं. फक्त मधमाशा त्याच्यावर बसत नाहीत, शेजारच्या ओळीवर गर्दी.
शेत रेजिन मावशींचं, आम्ही भाड्याने घेतलेलं. दाखवायला बोलावलं तर म्हातारी बांधावरच थांबली. "त्याला हात नको लावू बाय. तिथं आमी कवाच काय पेरत न्हाय." का, ते सांगेना.

२७ ऑगस्ट
सुधीरचं म्हणणं, घे की त्या झाडाचे पराग, कुणाला कळतंय. नवरे सल्ले फार पटकन देतात. पण मोह झाला, खोटं का बोलू.
आज मावशींना पुन्हा विचारलं. या वेळी बोलल्या. त्यांचं पहिलं मूल, मुलगा. जन्मला आणि त्याच संध्याकाळी गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दफनभूमीत जागा नाही. नवऱ्याने त्या कोपऱ्यात पुरला. शेजारच्या एका हिंदू आजीने वरून मूठभर काळे तीळ टाकले. इतक्या वर्षांत त्यातलं काही उगवलं नव्हतं.
ठरलं. बाप गुजरातचा. त्या झाडाला हात लावणार नाही. वाईट वाटतंय, दोन्हीकडून.

२९ ऑगस्ट
संध्याकाळी पांढऱ्या ओळीवर काम. उद्या उमलणारी कळी घ्यायची, पाकळ्यांची नळी हलकेच ओढायची, पुंकेसर तिच्यासोबत निघून येतात. उरलेल्या स्त्रीकेसरावर स्ट्रॉचा तुकडा, टोक दुमडून. म्हणजे सकाळी मी पराग लावेपर्यंत दुसरं कोणी लावणार नाही.

३० ऑगस्ट
सकाळी एकाही कळीवर स्ट्रॉ नाही. सगळे तुकडे कोपऱ्यातल्या झाडाखाली. सांडलेले नाहीत, मांडलेले. एकामागे एक, पोरं आगगाडी करतात तसे. आणि प्रत्येक स्त्रीकेसरावर पराग आधीच लागलेले.
गुजरातचे पराग तरीही वरून लावले. लावताना वाटलं, उशीर झालाय.
सुधीर म्हणाला, उंदीर असतील. मी म्हटलं, हो, असतील.

१ सप्टेंबर
काल दुसऱ्या कळ्या घेतल्या. स्ट्रॉ दोऱ्याने बांधले. आज दोरे जागच्या जागी, गाठीसकट. स्ट्रॉ झाडाखाली, या वेळी गोल मांडलेले. ओल्या मातीत पावलं फक्त माझी.
मावशींना सांगितलं नाही. काय सांगणार?

१४ सप्टेंबर
संकरातलं एकही बोंड गळलेलं नाही. असं कधी होत नाही, निम्मी तरी जातात. आनंद व्हायला हवा. शेतात एकटी असताना मागे वळून बघते सारखी. कुणी नसतं.

१८ ऑक्टोबर
काढणी. आज बोंडं फोडली.
तिळाच्या दाण्यावरचं साल आईचं असतं. बाप कोणीही असो, पांढऱ्या आईच्या बोंडातला दाणा यंदा पांढराच निघतो, बापाचा रंग दिसायचा तर पुढच्या पिढ्यांत. नव्या पोरांना मीच हे शिकवते.
सगळे काळे निघाले.
हात धुतले, पुन्हा एक बोंड फोडलं. काळे. साहेबांना फोटो पाठवला, ते खूश. "काहीतरी जबरदस्त सापडलंय तुम्हाला, बी लगेच पाठवा." त्यांना सालाचा प्रश्न पडला नाही. मला भीती वाटतेय.

२ नोव्हेंबर
आज मावशींच्या धर्मातला मृतांचा दिवस. डोंगरीच्या दफनभूमीत मेणबत्त्या. साहेबांना बी पाठवायला निघाले होते, पुडी पर्समध्ये. पण उतरले ती मावशींच्या दारात. सगळं सांगितलं, स्ट्रॉसकट.
त्या दचकल्या नाहीत. दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने हळूहळू पसरले.
"सगली त्याचीच?"
"हो."
"आन् पेरली तर जगतीन?"
पेरल्याशिवाय कळत नाही, मी म्हणाले.
त्यांनी मूठ मिटली. मग म्हणाल्या, "आन् न्हाय जगली, तर कुठं ठेवशीन?"
मूठ उघडा म्हणायचं धाडस झालं नाही. साहेबांचा फोन येतोय, अजून उचललेला नाही.