थर्माकोलचा गोठा

मरोळ. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, संध्याकाळ.

चर्चमध्ये मिस्सेत फादर म्हणाले, पृथ्वी देवाची आहे, ती घाण करणं पाप. मीपण मान हलवली. हलवायला काय जातं? गेल्या नाताळात बाळ येशूसाठी केलेल्या माझ्या थर्माकोलच्या गोठ्याला गावठाणातल्या स्पर्धेत पहिला नंबर आला आणि सण संपल्यावर तो मीच नाल्यात टाकला. पावसात पाणी घरात शिरलं तेव्हा शिव्या मात्र म्युनिसिपालटीला दिल्या.

नात रीटा म्हणाली, "आजी, यंदा थर्माकोल नको, गोठ्यात गवत म्हणून खरी नाचणी उगवू ना. पण नंबर जाईल हां तुझा."

"जाऊ दे. बाळ येशू काय नंबर बघायला येतो?"

बोलले खरी. शेजारची मेरी वर्षभर टोमणे मारेल. मारू दे, नाचणी भिजत घातली.

शनिवारी कन्फेशनला नाल्याचं सांगणार आहे. फादर माफ करतील. थर्माकोल काय परत येत नाही.